तीन कॉप्या, तिन्ही सारख्या

मागच्या वर्षी जूनमध्ये, लग्नसराई नुकतीच आटोपली होती, तेव्हा एका ताईंचा फोन आला. २०११ मध्ये त्यांचं लग्न आम्ही शूट केलं होतं, ठाण्यातल्याच एका हॉलमध्ये. म्हणाल्या, दादा, बाबा गेले हो आमचे, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, तर लग्नातला कन्यादानाचा भाग तुमच्याकडे असेल का, त्यात ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलतात आणि सगळे हसतात, मला फक्त ते ऐकायचंय, बाकी काही नको. मी म्हटलं असणार की ताई, उद्या देतो. एवढ्या खात्रीने बोललो कारण त्या लग्नाच्या रॉ फुटेजच्या माझ्याकडे तीन कॉप्या आहेत, एक स्टुडिओत, एक ऐरोलीला मावसबहिणीकडे, आणि एक जुन्या पोर्टेबल हार्डडिस्कवर, कपाटात.

रात्री फाईल लावली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, कन्यादान सुरू झालं, आई पाण्याची धार धरतेय, बाबांचे हात खाली ओंजळीसारखे, आणि तिथे चित्रावर हिरवे-गुलाबी चौकोन आले, चित्र गोठलं, आवाज एकदा कर्र झाला आणि बंद. ११ सेकंद. पुढे एकदम सगळे हसताना दिसतात, बाबा डोळे पुसताना दिसतात. म्हणजे जे बोलले ते बरोबर त्या ११ सेकंदांत.

ऐरोलीची कॉपी लावून बघितली, तिथेच अडकली. कपाटातली डिस्क काढली, तिथेही तेच. मग तिन्ही फाईलींचा एसएचए-२५६ काढला, म्हणजे फाईलीतल्या प्रत्येक बिटावरून गणित करून ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो, एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी ठसा पूर्ण बदलतो. तिन्ही ठसे सेम. अक्षर न् अक्षर सेम. तिन्ही कॉप्या एकमेकींशी शंभर टक्के जुळत होत्या आणि तिन्ही खराब होत्या. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण गेली वीस-पंचवीस वर्षं मी हेच करतोय ना, लोकांच्या घरचे दिवस सांभाळायचे, आणि प्रत्येक वेळी जेवढं शिकलो असं वाटतं त्याच्या एक पायरी पलीकडून घाव येतो.

पहिला घाव आमच्या काकाने खाल्ला. काकाचा स्टुडिओ कळव्यात, खाडीपासून फार लांब नाही, तळमजल्याचा गाळा. व्हीएचएसचा जमाना होता तेव्हापासून त्याची एक पद्धत, प्रत्येक ऑर्डरची मास्टर कॅसेट वेगळी आणि कॉपी वेगळी, मास्टर खालच्या फळीवर आणि कॉपी वरच्या फळीवर, दोन्हींवर त्याच्या सुंदर अक्षरात नाव, तारीख, हॉल. इतर शूटिंगवाले पार्टीला कॅसेट दिली की मास्टरवर पुढचं लग्न मारायचे, काका कधीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, आमच्या गाळ्यात किती पाणी होतं ते मी छातीवर मोजलंय. दोन्ही फळ्या पाण्याखाली. नंतर पंधरा दिवस काका आणि मी कॅसेटी उघडून, टेप स्वच्छ पाण्यातून काढून, पंख्याखाली दोऱ्यासारखी पसरून वाळवत होतो. तीनशेतल्या चाळीसेक वाचल्या, त्यातल्याही बऱ्याच जणींना पुढे बुरशी आली. काका मला रागावून नाही, अगदी शांतपणे म्हणाला, अरे दोन होत्या रे, पण एकाच घरात होत्या.

मला वाटतं या सगळ्या विषयातलं अर्धं तरी या वाक्यात आहे. पण मी तेव्हा ते अर्धवटच ऐकलं, मला वाटलं प्रश्न पाण्याचा आहे.

मग आल्या हार्डडिस्क. मेमरी कार्डवर शूटिंग सुरू झालं, टेप गेल्या, आणि डेटा असा वाढत गेला की एकेका लग्नाचे दीडशे-दोनशे जीबी. २०१४ मध्ये मी कर्ज काढून चार डिस्कचा एक डबा घेतला, ४ टीबीच्या चार, रेड ५. दुकानदाराने सांगितलं साहेब यातली एक डिस्क मेली तरी तुमचा केसही वाकडा होणार नाही. आणि ते खोटं नव्हतं, रेडची कल्पनाच ती आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी पेपर लिहिला की मोठ्या कॉम्प्युटरची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा, आणि त्या स्वस्त असल्यामुळे मरणार हे गृहीत धरून थोडी जागा राखीव ठेवा. इंग्रजीत हे नाव आर-ए-आय-डी असं लिहितात, त्यातल्या आय अक्षराचा अर्थ मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, असा होता, पुढे धंदेवाल्यांनी त्याचं ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, केलं. मला तो मूळ शब्दच जास्त प्रामाणिक वाटतो. कारण माझ्या चार डिस्क कुठे स्वतंत्र होत्या? एका दुकानातून, एका खोक्यातून, लागोपाठच्या सिरियल नंबरच्या, एका पॉवर सप्लायवर, एका डब्यात एकाच पंख्याची गरम हवा खात दोन वर्षं एकत्र फिरलेल्या. जुळ्या-तिळ्या बहिणी होत्या त्या.

२०१६ च्या मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये एक गेली. लाल दिवा लागला. मी घाबरलो नाही, लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन आणली, खोचली, रीबिल्ड सुरू झालं. रीबिल्ड म्हणजे काय, तर उरलेल्या तीन डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि त्यावरून चौथीवरचं लिहून काढायचं. म्हणजे तीन गुणिले ४, १२ टीबी सलग वाचन, आणि तेही अशा वेळी जेव्हा एकही चूक परवडत नाही. नंतर मी त्या डिस्कच्या माहितीपत्रकात वाचलं की १० च्या १४ व्या घाताइतकी बिटं वाचली की त्यात जास्तीत जास्त एक न वाचता येणारी निघू शकते. १० चा १४ वा घात बिटं म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, हे कंपनीने स्वतःला दिलेलं संरक्षण असतं, तरी माझं १२ टीबीचं वाचन आणि तो साडेबाराचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघितल्यावर अंगावर काटा आला. पहाटे चार वाजता दुसऱ्या डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, निघाले आणि डब्याने हात वर केले. सगळं गेलं असं समजा.

बहुतेक पार्ट्यांना पेनड्राईव्ह देऊन झाले होते, म्हणून मी जून-जुलै दारोदार फिरलो, डोंबिवली, बदलापूर, घोडबंदर रोडच्या सोसायट्या, काकू जरा तुमचा पेनड्राईव्ह द्याल का, कॉपी करून लगेच परत देतो. लोक किती चांगले असतात. एका मावशींनी सीडी स्टीलच्या डब्यात, डांबरगोळ्या घालून, पैठणीच्या घडीत ठेवली होती आणि ती नव्यासारखी चालली. पण दोन ऑर्डरी अशा होत्या ज्यांचं मिक्सिंगच झालेलं नव्हतं, एक लग्न आणि एक मुंज. त्या दोघांच्या घरी मी गेलो, पैसे परत केले. मुंजीच्या मुलाच्या आजोबांनी मला चहा दिला आणि काहीच बोलले नाहीत. तो चहा मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी या विषयाचा अक्षरशः अभ्यास सुरू केला, रात्री काम झालं की वाचत बसायचो. आणि तेव्हा मला कळलं की मी ज्या गोष्टीला घाबरत होतो, डिस्क मरणे, ती खरं तर सोपी गोष्ट आहे. मेलेली डिस्क सांगते मी मेले म्हणून. अवघड आहे ती खोटं बोलणारी डिस्क.

हे आमच्याच धंद्यातल्या भाषेत सांगतो. समजा लग्नात आहेराची तीन पाकिटं आली, ५०१, १००१, २५१, आणि कोणीतरी चौथ्या कागदावर एकूण लिहून ठेवलं १७५३. यातलं एक पाकीट हरवलं तर काही बिघडत नाही, एकूणातून बाकीची दोन वजा केली की हरवलेला आकडा निघतो. रेड ५ ची पॅरिटी हीच, फक्त बेरजेच्या जागी बिटांचं एक्सॉर नावाचं गणित. पण समजा पाकीट हरवलं नाही, कोणीतरी १००१ च्या पाकिटात गुपचूप ९०१ करून ठेवले, तर? बेरीज केल्यावर एवढंच कळतं की जुळत नाही. कुठलं पाकीट चुकलं की एकूणच चुकीचं लिहिलं, ते कळायला काही मार्गच नाही. साधा रेड रोजचं वाचन करताना तर बेरीज करूनही बघत नाही, डिस्कने जे दिलं ते खरं मानतो. मुद्दाम तपासायला लावलं आणि फरक निघाला तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला एमडी रेड काय करतो माहितीये का, दुरुस्त कर म्हटलं की तीन पाकिटं बरोबर धरून एकूण नव्याने लिहून टाकतो. आरशासारख्या दोन सारख्या डिस्क असतील तर एकीवरचं दुसरीवर उतरवतो, ती एक खरी होती की दुसरी हे न बघता. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे साक्षीदारच नसतो.

साक्षीदार हवा, आणि तो पाकिटांच्या पिशवीपासून लांब बसलेला हवा. आमच्याकडे लग्नात बघा, पाकिटं एका मावशीच्या पर्समध्ये जातात आणि वही दुसऱ्याच कोणाकडे असते, बहुतेक एखाद्या बँकेतल्या काकांकडे, आणि रात्री दोघं मिळून ताळा करतात. आकडा पाकिटावरच लिहिला असता तर पाकीट बदलणाऱ्याने आकडाही बदलला असता. झेडएफएस नावाची फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली कुठे-कशा ठेवायच्या ते बघणारी व्यवस्था, हेच करते, आणि मला ते पहिल्यांदा समजलं तेव्हा फार आनंद झाला. ती डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे वर सांगितला तसा ठसा, काढते, आणि तो त्या ब्लॉकजवळ न ठेवता त्याच्या वरच्या, म्हणजे त्याचा पत्ता सांगणाऱ्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्या वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्याही वरच्यात, असं करत करत मुळापर्यंत. वाचताना दर वेळी ताळा. जुळला नाही तर दुसऱ्या कॉपीतून किंवा पॅरिटीतून काढून बघायचं, आता जुळलं का, जुळलं तर हेच खरं, आणि चुकलेल्या जागी खरं लिहून टाकायचं. कुठलं पाकीट खोटं आहे ते तिला कळतं.

ही बनवली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये, जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये कामाला सुरुवात केली आणि २००५ मध्ये ती ओपन सोर्स म्हणून बाहेर आली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, मग बाहेरच्या लोकांनी २०१३ पासून ओपनझेडएफएस म्हणून पुढे चालवली. लायसन्स वेगळं असल्यामुळे ती लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, येत नाही, वेगळी बसवावी लागते, कर्नल अपडेट झाला की कधीकधी जीव टांगणीला लागतो. बटरएफएस, म्हणजे बीटीआरएफएस, ही तिची लिनक्सच्या घरातली बहीण म्हणा, २००७ मध्ये ख्रिस मेसन यांनी सुरू केली, २००९ पासून कर्नलमध्येच आहे, तिच्यातही चेकसम, तिच्यातही स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी सगळं जसं होतं तसं धरून ठेवलेलं. दोन डिस्कच्या आरशासाठी मी ती कोणालाही बिनधास्त सांगेन. पण पॅरिटीवाली तिची रचना, रेड पाच आणि सहा, ती वापरू नका असं तिच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, लिहिता लिहिता मध्येच वीज गेली तर पाकिटं नवीन आणि एकूण जुनं असा घोटाळा राहू शकतो. माझ्याकडे सहा डिस्क होत्या आणि मला पॅरिटीच हवी होती, त्यामुळे माझ्यासाठी तिथे विषय संपला.

ईएक्सटी फोर आणि एक्सएफएस या लिनक्सवरच्या दुसऱ्या फाईल सिस्टिम वाईट आहेत असं कोणी समजू नका. एक्सएफएस १९९३ ची, सिलिकॉन ग्राफिक्सची, म्हणजे मोठमोठ्या चित्रांच्या फाईली हाताळणाऱ्यांनीच केलेली, आजही एडिटिंगच्या मशीनवर माझी कामाची डिस्क एक्सएफएस आहे, पळते. पण या दोघी फार तर स्वतःची वही, म्हणजे नावं-पत्ते-तारखा, यांचा ताळा ठेवतात, पाकिटात काय आहे ते डिस्कच्या शब्दावर सोडतात. विंडोजची एनटीएफएस पण तशीच. आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरची एक्सफॅट, ती तर जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंद, तीसुद्धा ठेवत नाही. पूर्वी कार्डं फॅट३२ असायची, त्यात ४ जीबीच्या वर फाईल जायचीच नाही म्हणून कॅमेरा एका मंगलाष्टकाचे दोन तुकडे करायचा, एक्सफॅटमुळे ते संपलं, पण कॉपी चालू असताना केबल निसटली तर ती काय करेल याचा भरवसा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तर २०१८ मध्ये मी सहा डिस्क घेतल्या, ८ टीबीच्या, आणि मुद्दाम तीन वेगवेगळ्या दुकानांतून, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, काकाचं वाक्य आठवून. झेडएफएसचं रेडझेड२ लावलं, म्हणजे दोन मेल्या तरी चालतं, एक मेली आणि रीबिल्डच्या वेळी दुसरीवर सेक्टर निघाला तरी चालतं. जोड्या-जोड्यांचे आरसे केले असते तर रीबिल्ड लवकर झालं असतं आणि पुढे दोन दोन डिस्क घालून वाढवणं सोपं गेलं असतं, पण ४८ मधले २४ च टीबी हाताला लागले असते आणि एकाच जोडीतल्या दोघी गेल्या तर संपलंच. रेडझेड२ मध्ये ३२ मिळतात. तेव्हा अडचण अशी होती की रेडझेडमध्ये नंतर एक डिस्क वाढवता यायची नाही, ती सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, २०२५ च्या जानेवारीत आली, मी तिची वाट बघत होतो. ईसीसी रॅमवाला, म्हणजे स्वतःच्या चुका पकडणाऱ्या मेमरीचा, जुना सर्व्हर बोर्ड घेतला, काही लोक म्हणतात झेडएफएसला ईसीसीशिवाय हातच लावू नका, ते तितकंसं खरं नाही, ईसीसी सगळ्याच फाईल सिस्टिमांना हवी, पण ज्या हाताने ताळा करायचा तोच थरथरत असेल तर काय उपयोग, म्हणून घेतली.

एकदा डिस्क बदलताना मात्र फसलो. नवीन आणली ती एसएमआर निघाली. यात डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक अर्धे चढवलेले असतात, जागा जास्त बसते, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी ओळ काढून परत रचावी लागते. वाचायला ठीक, रीबिल्डमध्ये सलग लिहायला लागली की दम तुटतो. नेहमी दीड दिवसात होणारं काम आठवडाभर चाललं. खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. २०२० मध्ये यावरून जगभर आरडाओरडा झाला आणि तेव्हापासून कंपन्या आपापल्या यादीत स्पष्ट लिहायला लागल्या, घेताना मॉडेल नंबर टाकून बघाच.

स्क्रबबद्दल सांगतो, कारण माझं सगळ्यात प्रेमाचं काम तेच आहे. चेकसम असून उपयोग काय, जर ती फाईल कोणी उघडलीच नाही तर? २०१२ चं कोणाचं तरी बारसं, कोण बघायला जातंय. ताळा फक्त वाचताना होतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळं वाचायला लावायचं, पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत, जिथे जुळत नाही तिथे दुरुस्त करत. मी ते संकष्टीला करतो. तारीख लावून आपोआप होतं, सगळे तसंच करतात, पण मला हाताने सुरू करायला आवडतं. आईची संकष्टी असते, ती सकाळी गणपतीला दूर्वा वाहते आणि मी स्क्रब सुरू करतो, दहा-अकरा तास लागतात, रात्री चंद्रोदयाची वेळ होते तेव्हा साधारण संपत आलेला असतो. आई गॅलरीतून विचारते दिसला का रे चंद्र, आणि मी म्हणतो नव्वद टक्के झाला. तिला आता माहितीये मी कशाबद्दल बोलतोय. २०२२ मध्ये एका संकष्टीला रिपोर्टमध्ये ओळ आली, ३८४ केबी दुरुस्त केलं, एका डिस्कच्या नावापुढे चुकांच्या रकान्यात ३. डिस्क चांगली होती, तिला जोडणारी साटा केबल सैल झाली होती. फाईल एकही बिघडली नाही. जुन्या डब्यात हीच गोष्ट कोणाला कळलीसुद्धा नसती.

हे काम नवीन नाही असं मला नेहमी वाटतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, १२९० ची. पुढे तीनशे वर्षं लोक हाताने उतरवून घेत राहिले, एकाची नजर चुकली की ती चूक त्याच्याकडून उतरवणाऱ्या सगळ्यांकडे गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, पैठणला एकनाथ महाराजांनी त्यातले अपपाठ काढून पाठ शुद्ध केला, आणि वर बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नका. प्रती गावोगाव होत्या, त्यांची कमी नव्हती. कोणीतरी त्या समोर घेऊन शब्दाशब्दाला थांबून विचारायला हवं होतं की खरं कुठलं. तीनशे वर्षांनी एकाने तो स्क्रब केला.

आणि तरीही ताईंची फाईल खराब होती. सहा डिस्क, रेडझेड२, ईसीसी, संकष्टी, सगळं असून. ऐरोलीला मावसबहिणीच्या घरी दोन डिस्कचा आरसा आहे, पहिल्या वेळी ट्रान्स हार्बरच्या लोकलने टॉवेलात गुंडाळून नेल्या होत्या, आता रोज रात्री फक्त बदललेलं तेवढं स्नॅपशॉटमधून जातं. तिच्या खिडकीतून समोर डेटा सेंटरची बिनखिडक्यांची बिल्डिंग दिसते, ऐरोली-महापे पट्ट्यात आता अशी बरीच उभी आहेत, आणि ती मला म्हणते तुझा डेटा पण शेजारीच ठेव की त्यांच्यात. भाच्याने एकदा हळदीचा अख्खा फोल्डर उडवला होता, तेव्हा रेडने काही वाचवलं नसतं, सहाही डिस्कवरून एका क्षणात गेला, स्नॅपशॉटने वाचवला. म्हणजे व्यवस्था चालते. मग हे काय.

मी ती फाईल हेक्समध्ये, म्हणजे आतल्या कच्च्या आकड्यांत, उघडली. जिथे चित्र गोठतं तिथे २३ एमबीच्या आसपास सरसकट शून्यं. फाईलचा आकार मात्र अगदी बरोबर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, २०१३. तेव्हा मी जुन्या छोट्या डिस्कवरून ही सगळी लग्नं मोठ्या पोर्टेबलवर हलवली होती, ती पोर्टेबल एक्सफॅट, आणि त्या उन्हाळ्यात वीज फार जायची, कॉपी अर्धवट राहायची, मी परत सुरू करायचो. फाईलसाठी जागा धरली गेली, आकार लिहिला गेला, मधला तुकडा लिहायचा राहिला. मी आकार बघितला, बरोबर आहे म्हटलं, आणि छोटी डिस्क फॉरमॅट केली. २०१८ ला हीच फाईल मी झेडएफएसवर आणली आणि त्या शून्यांचा चेकसम काढला गेला, अगदी अचूक. तेव्हापासून दर संकष्टीला माझी सिस्टिम ती २३ एमबी शून्यं जिवापाड सांभाळतेय, ऐरोलीला पाठवतेय. तिच्या बाजूने काहीच चुकलं नाही, तिला जे दिलं ते तिने राखलं. वहीत आकडा लिहिला गेला त्याच्या आधीच पाकीट रिकामं झालं होतं.

आता मी कार्डावरून उतरवतानाच ठसे काढतो, दोन ठिकाणी कॉपी, दोन्हींचे ठसे कार्डाशी जुळले की मगच कार्ड फॉरमॅट. रात्री दोन वाजता लग्न करून आल्यावर अर्धा तास जास्त जातो, असिस्टंट पोरं कंटाळतात, जाऊ दे.

ताईंना मी खरं ते सांगितलं, की माझ्याकडे ते ११ सेकंद नाहीत, चूक माझी आहे. पण २०११ ची डीव्हीडी मी त्या छोट्या डिस्कवरूनच एडिट केली होती, बिघडायच्या दोन वर्षं आधी, ती कुठे असेल का? त्यांच्याकडची केव्हाच तुटली होती. सासरी विचारलं, माहेरी विचारलं, शेवटी बदलापूरला नणंदेकडे एक निघाली, टीव्हीच्या खालच्या कपाटात, कव्हर नसलेली. मी स्वतः जाऊन आणली. ओरखडे होते, बाहेरच्या कडेकडे डाग पडायला लागला होता. डीडीरेस्क्यू लावला, तो आधी सहज वाचता येतं ते वाचून घेतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा थोडं थोडं खरवडत राहतो. रात्रभर ड्राईव्ह घरघरत होता. सकाळी सव्वासहाला थांबला, शेवटच्या गाण्यातले काही सेक्टर आलेच नाहीत, कन्यादान पूर्ण आलं.

चित्र जुन्या डीव्हीडीचं, धुरकट. आई धार धरतेय, गुरुजी मंत्र म्हणतायत, आणि बाबा खाली वाकून मुलीच्या कानाशी म्हणतात, पण माईक गुरुजींच्या जवळ होता म्हणून स्पष्ट ऐकू येतं, “स्कूटीची चावी माझ्याकडेच राहिलीये गं, आता घ्यायला यावंच लागेल.” आणि सगळे हसतात.

ताई स्टुडिओत आल्या होत्या, हेडफोन लावून त्यांनी ते चार-पाच वेळा ऐकलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर त्यांनी विचारलं, दादा, भावासाठी अजून एक कॉपी मिळेल का, तो पुण्याला असतो. दोन पेनड्राईव्ह भरले, दोन्हींचे ठसे काढून जुळवले, ताईंना समोरच दाखवले, आणि डीव्हीडी परत पाकिटात घालून म्हटलं ही नणंदबाईंना परत द्या, तिथेच राहू दे.